शहाऐंशीचा अलार्म आणि पाच सेकंदांची पट्टी

‘शहाऐंशी आला!’

शेडच्या त्या टोकाकडून ही आरोळी आली, की आमच्या मशीन शॉपमध्ये पुढचं कुणाला समजावून सांगावं लागायचं नाही. सीएनसीच्या फॅनुक कंट्रोलवर ०८६ हा आकडा झळकलेला असायचा आणि त्याच्यापुढं ‘डीआर सिग्नल ऑफ’. पलीकडचा कॉम्प्युटर गप्प झालाय, एवढाच त्याचा अर्थ. का गप्प झालाय ते मशीनला ठाऊक नसायचं, ते शोधायला माणूस लागायचा. तो ऑफिसापासून मशीनपर्यंत वायरीच्या कडेकडेनं, मान वर करून चालत यायचा. कुठं पंचवीस पिनांचा कनेक्टर स्क्रू न आवळल्यामुळं लोंबत असायचा, कुठं उंदरानं वायरीला दात लावलेले असायचे. बरेचदा तर कॉम्प्युटरच बंद केलेला असायचा, कारण बिलं टाइप करून झाली होती आणि उगाच चालू ठेवून लाइट बिल कशाला वाढवायचं, असं मालकांचं म्हणणं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरातली जागा पुरेनाशी झाल्यावर कारखानदारी पंचगंगा ओलांडून महामार्गाच्या कडेनं शिरोलीत आली, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. फौंड्रीत ओतलेलं कास्टिंग दोन प्लॉट सोडून मशीनिंगला यायचं, तिथून पुण्याला जायचं. मी अशाच एका जॉबवर्कच्या शेडमध्ये प्रोग्रामिंगला होतो. लेथच्या चाकावर हात बसलेली माणसं नुकती सीएनसीवर आली होती आणि कॉम्प्युटरकडं अजून पाहुण्याकडं बघावं तसं बघत होती.

प्रोग्राम पाठवायची एक रीत ठरलेली असायची. ऑपरेटरनं आधी मशीन एडिट मोडवर घ्यायचं आणि रीड दाबायचं. मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ‘एलएसके’ ही तीन अक्षरं लुकलुकायला लागायची, म्हणजे मशीन कान देऊन बसलंय. तो तिथून ओरडायचा, ‘पाठवा सायेब!’ आम्ही इकडं एंटर मारायचो. ४८०० बॉड, सात बिट, इव्हन पॅरिटी, हे आकडे आम्हाला पाढ्यासारखे पाठ. दोन्ही टोकांना ते जुळले नाहीत तर शहाऐंशीच्या आधीचा भाऊ, ०८५, दारात हजर. कंट्रोलची मेमरी तेव्हा मीटरमध्ये सांगत. ऐंशी मीटर मेमरी म्हणजे ऐंशी मीटर कागदी टेपवर मावेल एवढा मजकूर; हिशेब केला तर जेमतेम बत्तीस केबी. ती टेप आमच्यातल्या फारशा कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती, मोजमाप तेवढं मागं उरलं होतं.

आरएस-२३२ केबल पन्नास फुटांच्या आत ठेवावी, असं पुस्तकात लिहिलेलं. आमची शेड त्याहून लांब. म्हणून मग बॉड कमी करायचा, वेल्डिंगच्या वायरीपासून केबल दूर न्यायची, आणि तरीही डायचा मोठा प्रोग्राम थेंबाथेंबानं मशीनला पाजत असताना कुणी पलीकडं वेल्डिंग सुरू केलं की पोटात गोळा यायचा. अर्ध्या कटावर मशीन थांबलं तर जॉबवर टूलची खूण राहते, आणि गिऱ्हाईक त्या खुणेवर बोट ठेवूनच पुढचं बोलणं सुरू करतं.

पण त्या शहाऐंशीत एक गुण होता. तो हटत नसे. कुणीतरी जाऊन वायर बघेपर्यंत, परत येऊन रिसेट दाबेपर्यंत आकडा तिथंच आणि मशीनही तिथंच. जेवणाची सुट्टी होवो, शिफ्ट बदलो, रात्रपाळीचा माणूस आला की त्याच्यासमोरही तोच आकडा. तुटलेल्या जोडणीची बातमी योग्य माणसाला मिळाल्याशिवाय ती पुसली जात नव्हती. तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं कारण नव्हतं. आम्ही त्याला शिव्याच घालायचो.

कोल्हापूरला तसाही हटवादी सूचनांचा सराव होता. १९०६ साली शाहू महाराजांनी काढलेल्या शाहू मिलचा भोंगा ऐकून अर्ध्या गावानं वर्षानुवर्षं घड्याळं लावली. आमच्या शिरोलीत आजही शिफ्टचे भोंगे आहेत, फक्त प्रत्येक कारखान्याचा वेगळा आणि कुणाचं कुणाशी जुळत नाही.

मग वायरी जायला लागल्या. एका दिवसात गेल्या नाहीत. आधी खिशातून सुरुवात झाली. २००४-०५ च्या सुमाराला पोरांच्या हातात कॅमेरावाले नोकिया आले आणि दुपारच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर एकच बोलणं, ‘ब्लूटूथ चालू कर की भावा.’ एक गाणं एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जायला एक चहा लागायचा. पिन विचारला की चार शून्य, नाहीतर एक-दोन-तीन-चार; जगातल्या सगळ्या हेडसेटची किल्ली तीच. पुढं २००७ मध्ये ब्लूटूथची २.१ आवृत्ती आली आणि नव्या उपकरणांत ते शून्यांचं प्रकरण हळूहळू संपलं.

त्याच काळातला एक उपद्रव आजच्या पोरांना सांगितला तर खरा वाटत नाही. २००४ मध्ये कॅबिर नावाचा एक किडा सिंबियनच्या फोनांत शिरला. तो यायचा ब्लूटूथवरून आणि चोरपावलांनी न येता रीतसर विचारून यायचा: अमक्याकडून संदेश आलाय, घेऊ का? नाही म्हटलं की लगेच पुन्हा तोच प्रश्न. परत नाही, परत प्रश्न. फोन वापरूच द्यायचा नाही. कंटाळून माणूस एकदा ‘हो’ म्हणायचा आणि तिथंच फसायचा. त्यावर एक उपाय होता, चालत दहा मीटर लांब जाणं. २००५ च्या हेलसिंकीतल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेच्या वेळी भरलेल्या स्टेडियममध्ये हा किडा पसरला होता. तिथं लांब जाणार कुठं? सूचना थांबवायला आपणच पायांनी बाजूला व्हायचं, ही गंमत मला तेव्हापासून लक्षात राहिली आहे.

शिरोलीतल्या ऑफिसांत बिनवायरचं जाळं यायला मात्र एक सरकारी अडथळा दूर व्हावा लागला. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा, ज्यावर वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही चालतात, तो कमी ताकदीच्या उपकरणांसाठी भारतात परवानामुक्त झाला तो २००५ च्या जानेवारीत. त्यानंतर राऊटर आले, यूएसबीचे डोंगल आले. राजारामपुरीतल्या दुकानातून आणलेल्या डोंगलबरोबर एक छोटी सीडी मिळायची. तिच्यात ब्लूसोलेल नावाचं सॉफ्टवेअर असायचं: पडद्याच्या मध्यभागी एक नारिंगी सूर्य, भोवती कड्या, आणि त्या कड्यांवर फोन, प्रिंटर, हेडसेट हे ग्रह. जोडणी झाली की ग्रहाचा रंग बदलायचा. आमचे मालक सकाळी ऑफिसात आले की आधी तो सूर्य उघडायचे. कामाचं त्यांना त्यातलं काहीच नव्हतं, पण आपल्या आजूबाजूला काय काय फिरतंय ते दिसतं, ह्याचा त्यांना भारी आनंद.

आणि विंडोज एक्सपीचे ते पिवळे फुगे! खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारून टुपकन वर यायचे. ‘फाउंड न्यू हार्डवेअर’ हा पहिला. ‘अ नेटवर्क केबल इज अनप्लग्ड’ हा दुसरा, आणि तो आला की आम्हा मशीन शॉपवाल्यांना आपलं जुनं ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटायचं. तिसरा ‘लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी’, जो सर्व्हिस पॅक दोनबरोबर आला आणि ज्याचा अर्थ मला आजवर कुणी एका वाक्यात सांगितलेला नाही. लोक वैतागायचे. रजिस्ट्रीत जाऊन ‘एनेबल बलून टिप्स’ नावाची नोंद करून तिची किंमत शून्य ठेवली की सगळे फुगे एकदम बंद, ही युक्ती एमआयडीसीत चहाबरोबर वाटली जायची.

पण त्या फुग्यांची एक बाजू फार थोड्यांच्या ध्यानात आली असेल. त्यांच्या लिहिणाऱ्यांनी एक शहाणपणा करून ठेवला होता: कुणी माऊस हलवत नसेल, की-बोर्डला हात लावत नसेल, तर फुग्याची वेळ मोजलीच जायची नाही. तुम्ही शेडमध्ये गेलात, अर्ध्या तासानं आलात, तरी फुगा तुमची वाट बघत उभा. तुम्ही खुर्चीत बसून माऊस हलवला की मग त्याची घटका भरायला लागायची. शहाऐंशीचा हट्ट त्याच्यात नव्हता, पण समोर माणूस आहे की नाही हे बघण्याएवढी रीत होती.

आता आमच्या ऑफिसातल्या विंडोज अकराच्या कॉम्प्युटरकडं बघा. माऊस बिनवायरचा, की-बोर्ड बिनवायरचा. पुण्याच्या गिऱ्हाइकाशी मीटिंगला हेडसेट बिनवायरचा. डिस्पॅचला बारकोडचा स्कॅनर. क्वालिटीच्या टेबलावर डिजिटल व्हर्नियर आणि बोअर गेज. बटण दाबलं की माप थेट कॉम्प्युटरच्या तक्त्यात पडतं, वहीत पेन्सिलीनं लिहायची गरज नाही, आणि ५२.०२ चं ५२.०० करायची सोयही नाही. हे फार चांगलं झालं. वहीच्या काळात मापं लिहायची घाई आणि मापं ‘बसवायची’ सवय ह्यांतली रेघ किती पुसट होती ते मला माहीत आहे.

ह्या सगळ्यांच्या जोडणीची बातमी कॉम्प्युटर देतो. देतच राहतो. कुणी नवा इयरबड डबीतून काढून पेअरिंगला लावला की पडद्यावर पट्टी येते: हे जोडू का? ह्या सोयीचं नाव स्विफ्ट पेअर. २०१८ च्या वसंतातल्या विंडोज दहाच्या आवृत्तीपासून ती आली. घरी ती खरंच सोय आहे. शिरोलीत शेडला शेड चिकटलेली, मध्ये एक पत्रा. शेजारच्या फौंड्रीतल्या पोरानं पगाराच्या दिवशी इयरबड घेतला की त्याची बातमी आमच्या हिशेबनिसाला मिळते. गेटवर माल भरायला थांबलेल्या ट्रकचा म्युझिक प्लेअर यादीत दिसतो. पलीकडच्या कँटीनचा टीव्ही तर कायमचा मुक्कामाला. शेजाऱ्याकडं काय नवीन आलंय ते कळायला पूर्वी कट्ट्यावर बसावं लागायचं.

आणि आवाज. जोडलं की खालून वर जाणारे दोन सूर, तुटलं की वरून खाली उतरणारे दोन. माऊस झोपला, जागा झाला, झोपला. हिशेबनीस बाई एकदा वैतागून म्हणाल्या, ‘सर, ह्याला काहीतरी औषध द्या, दिवसभर ह्याची टुंग-टुंग चालू आहे.’

औषध देण्यावरून आमच्याकडं दोन पक्ष पडले. नव्यानं लागलेल्या इंजिनिअरचं म्हणणं, सगळंच बंद करू. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावला की विषय संपला. पोरगा हुशार आहे, माझ्याशी ‘सर’ म्हणून बोलतो आणि त्याला पाहिजे तेच करतो. मी म्हटलं, थांब, आधी आपल्याला कुठली बातमी पाहिजे ते बघू. माऊस जोडला गेलाय हे मला माऊस हलवल्यावर कळतंच, त्याला पट्टी कशाला? जोडणी झाल्याची बातमी जवळपास नेहमीच फुकट असते. महाग असते ती तुटल्याची. बोअर गेज तुटलं आणि तपासनीसाला कळलं नाही, तर तो बटणं दाबत राहतो, माल पुढं सरकत राहतो आणि तक्ता कोरा राहतो. संध्याकाळी ट्रक भरलेला, आणि रिपोर्टात निम्म्या नगांचं माप नाही. शहाऐंशीनं हे कधीच होऊ दिलं नसतं.

विंडोजमध्ये ह्या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, आणि फार थोडे लोक तसं करतात. कंट्रोल पॅनेलच्या साउंड्‌समध्ये ‘डिव्हाइस कनेक्ट’ आणि ‘डिव्हाइस डिस्कनेक्ट’ ह्या दोन स्वतंत्र ओळी आहेत. पहिलीचा आवाज आम्ही ‘नन’ केला. दुसरीला भोंग्याचा आवाज दिला, शिरोलीला शोभेल असा. स्विफ्ट पेअरच्या पट्ट्या सेटिंग्जमधून बंद केल्या. पण त्याच भागातल्या ‘मोअर ब्लूटूथ सेटिंग्ज’मध्ये, नवं उपकरण जोडू बघत असेल तर मला सांग, अशी एक खूण करायची जागा आहे, ती मुद्दाम ठेवली, आणि बाहेरच्यांना हा कॉम्प्युटर सापडू दे ही खूण काढली. शेजारी कितीही चांगले असले तरी दाराला कडी असावी. कॅबिर बघितलेल्या माणसाला हे पटवावं लागत नाही.

खरा वाद झाला तो पाच सेकंदांवरून. विंडोज अकरात सूचनेची पट्टी पाच सेकंद दिसते आणि आत सरकते. नंतर कोपऱ्यातल्या यादीत सापडते म्हणतात, पण यादी उघडायची आठवण ज्याला होईल त्याला पट्टीची गरजच काय! ऑफिसात खुर्चीला खिळून बसणाऱ्या माणसासाठी पाच सेकंद पुष्कळ. शेडमध्ये तपासनीस टेबलापासून रॅककडं जातो, नग उचलतो, येतो. तेवढ्यात पट्टी येऊन गेलेली असते. एक्सपीचा फुगा निदान वाट बघायचा. ही पट्टी रिकाम्या खुर्चीला नमस्कार करून निघून जाते. इंजिनिअर म्हणाला, ह्याला उपाय नाही. उपाय अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’खाली निघाला. दिसायला किंवा वाचायला ज्यांना वेळ लागतो त्यांच्यासाठी सूचना पाच मिनिटांपर्यंत थांबवून ठेवायची सोय तिथं आहे. आम्ही क्वालिटीच्या कॉम्प्युटरवर पाच मिनिटं ठेवली. शहाऐंशीची बरोबरी नाही, पण माणूस रॅकपर्यंत जाऊन येऊ शकतो.

राहिला प्रश्न जोडणी मुळात तुटतेच का हा. जुन्या लोकांना वाटतं फर्नेस चालू झाली की ब्लूटूथ बिचकतं. इंडक्शन फर्नेस काही शे हर्ट्‌झवर चालते, ब्लूटूथ अडीच अब्जाच्या जवळपास. तिच्याशी ह्याचं भांडण नाही. ब्लूटूथ सेकंदाला सोळाशे वेळा जागा बदलत एकोणऐंशी वाटांवरून उड्या मारत चालतं, थोड्या गोंगाटाला ते भीत नाही. त्याला अडवतं ते लोखंड. कास्टिंगनं भरलेली ट्रॉली टेबल आणि कॉम्प्युटरच्या मध्ये उभी केली की गेज तुटलंच समजा. दुसरा गुन्हेगार कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला सापडला. यूएसबी तीनच्या हार्ड डिस्कशेजारी बिनवायरचा डोंगल खोचला तर ती डिस्क नेमक्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट करते; इंटेलनं २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. औषध काय? हातभर यूएसबीची एक्स्टेन्शन घ्यायची आणि डोंगल टेबलाच्या वरच्या कडेला आणून ठेवायचा. बिनवायरचं नीट चालावं म्हणून आम्ही शेवटी एक वायरच लावली, आणि मला त्यात फार समाधान झालं.

वायरीचं प्रेम म्हणून हे लिहीत नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. पावसाचं लक्षण बघूनच आम्ही कॉम्प्युटर माळ्यावर चढवून ठेवले होते. आधीच्या काळात अशा वेळी भिंतीतली केबल, कनेक्टर, सगळं भिजून जायचं आणि पाणी ओसरल्यावर एकेक पिन झाळत बसावं लागायचं. ह्या वेळी लाइट आल्यावर कॉम्प्युटर खाली आणले, चालू केले, आणि स्कॅनर, गेज, प्रिंटर एकेक करून आपणहून जोडले जाऊ लागले. तेवढ्या एका सकाळी जोडल्याचा प्रत्येक आवाज आम्ही उभं राहून ऐकला.

सध्या आमचं काम नावं देण्याचं चाललंय. यादीत तीन व्हर्नियर एकाच नावाचे असले तर तुटल्याची बातमी येऊनही कुठला तुटला ते कळत नाही. गेजच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक उपकरणाला नाव देता येतं. इंजिनिअरनं कोड तयार केला होता, प्लॉट, विभाग, अनुक्रमांक असा लांबलचक. क्वालिटीतल्या पोरांनी तो बाजूला सारला आणि जो गेज ज्याच्या हातात असतो त्याचंच नाव लावून टाकलं. मग परवा फायनल इन्स्पेक्शनला गिऱ्हाइकाचे ऑडिटर उभे असताना भोंगा वाजला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत पट्टी आली: ‘आण्णा डिस्कनेक्टेड’. ऑडिटर चमकून बघायला लागले. पलीकडं रॅकपाशी वाकलेले आमचे आण्णा कंबर सरळ करत ओरडले, ‘हाय की मी हितंच! त्या ट्रॉलीला सरकवा आधी!’